मंगळवारचा डावा हात

मंगळवारी पाटणकर डाव्या हाताने जेवत.

मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा नोकरीत रुजू होऊन चार दिवस झाले होते. २००२ सालचा ऑक्टोबर. जेवणाची खोली म्हणजे दोन मायक्रोवेव्ह, एक कॉफीचं मशीन आणि चार टेबलं. पाटणकरांनी माझ्यासमोर डबा उघडला, उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताने पोळी मोडायला घेतली. पोळी डब्याबाहेर आली, भाजीचा एक घास शर्टावर सांडला. मी माझ्या डब्यात पाहत राहिले. डावखुरी माणसं मी पाहिली नव्हती असं नाही. पण अठ्ठावन्न वर्षांचा, कपाळाला बारीकसं गंध लावणारा पुण्याचा माणूस उजवा हात धडधाकट असताना असं जेवतो, हे बघून मला कसंसंच झालं.

"किळस वाटत असेल तर तिकडे तोंड करून बसा," ते म्हणाले. "मला राग यायचा नाही. आज मंगळवार आहे."

मंगळवारचा उपास मला माहीत होता. मंगळवारचा डावा हात नवीन होता.

आमची कंपनी रायफलींचे खटके बनवायची. अख्खी रायफल नव्हे, फक्त हाताशी येणारे भाग: सेफ्टीचा खटका, मॅगझीन सोडायचं बटण, मागे ओढायची मूठ. हे सगळं वर्षानुवर्षं उजव्या हाताच्या माणसाला धरून बनत आलेलं. डावखुऱ्याला सेफ्टी काढायची तर पकड सोडून हात फिरवावा लागे. दोन्ही बाजूंनी सारखे चालतील असे खटके बनवणं हे पाटणकरांचं काम, आणि त्यासाठी आठवड्यातला एक दिवस त्यांनी स्वतःला डावखुरं करून घेतलं होतं. मंगळवारी सही डावी, माऊस डावा, कुलपाची किल्ली डावी, जेवण डावं. "कितीतरी लोक रोज असंच जगतात," ते म्हणत. "मी फक्त एक दिवस त्यांच्या घरी राहून येतो."

कंपनी या मालाला स्पोर्टिंग रायफल म्हणे. त्यातला पहिला शब्द तेवढा मी कारखान्याबाहेर आणत असे. नवऱ्याला खरं ठाऊक होतं. अमेरिकेतल्याच डब्लिन नावाच्या आमच्या गावातल्या बाकी मराठी मंडळींना मी 'स्पोर्टिंग गुड्स' एवढंच सांगितलं होतं. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातली माझी नोकरी गेली होती, सात महिने मी घरी बसले होते, आणि हातात ग्रीन कार्ड होतं म्हणून ही मिळाली. अशा कामात व्हिसावरच्या माणसाला ड्रॉइंग नुसतं बघायचीही परवानगी नसते. त्यामुळे मक्याच्या शेतांमधल्या त्या कारखान्यात आम्ही दोघंच मराठी: बहिणीने बोलावून घेतल्यामुळे पंधरा वर्षांपूर्वी आलेले आणि आता इथले नागरिक झालेले पाटणकर, आणि मी. गोरे लोक त्यांना पॅट म्हणत आणि मला व्ही. मी त्यांना काका म्हणायचं टाळलं, ऑफिसात ते बरं दिसेना. नुसतं पाटणकर म्हणू लागले. ते मला पहिल्या दिवसापासून वैशालीबाई म्हणत.

ठेंगणे, रुंद पंजांचे, खिशात पेनाऐवजी सहा इंची स्टीलची पट्टी. कुठल्याही दारापाशी पोचले की आधी ते कोपराने उघडतंय का बघत. आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा हात धुवायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि दहा मिनिटं बाहेरच येईनात. जाऊन पाहिलं तर माझा डबे उघडायचा कटर डाव्या हातात धरून उभे. "हा डावखुऱ्याचा अपमान आहे," म्हणाले, आणि तो खाली ठेवून मुकाट पानावर येऊन बसले.

माझ्या याद्यांची ते मनसोक्त थट्टा करत. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे, किराण्यापासून कारखान्याच्या ऑडिटपर्यंत. "तुमच्या यादीत 'यादी करणे' हा पहिला मुद्दा असतो का हो?" असं त्यांनी एकदा अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाले, "माझं लग्न तुमच्याकडे दिलं असतं तर भटजी अजून अक्षता मोजत बसले असते." पण माझ्या याच सवयीवर त्यांचं काम चालत होतं, आणि ते कसं हे सांगायला हवं.

पाटणकरांचं बोललेलं इंग्रजी चालून जाई, लिहिलेलं चालत नसे. पंचवीस वर्षं पुण्यातल्या टूलरूममध्ये काढलेली, तिथे सगळं बोटांनी दाखवून आणि खडूने रेखाटून होत असे. इथे मात्र प्रत्येक शंका लिहावी लागे. त्यासाठी कन्सर्न लॉग नावाची एक वही होती आणि मी क्वालिटी विभागात असल्यामुळे ती माझ्या ताब्यात होती. सात रकाने: क्रमांक, तारीख, भाग, शंका, मोजलेला आकडा, जबाबदार माणूस, स्थिती. पाटणकर जेवताना मराठीत सांगत, मी जेवण झालं की इंग्रजीत लिहीत असे. ठरवून असं काही झालं नव्हतं, पण चार वर्षं हेच चाललं. आमचा प्लांट मॅनेजर डेल म्हणे की पॅट आजकाल फार छान लिहायला लागलाय.

सांगून झालं की ते म्हणत, "लिहून घ्या, बाई." पुढे पुढे ते कशालाही म्हणू लागले. डेलला कॉफीचा दुसरा कप होईपर्यंत काही विचारायचं नाही, लिहून घ्या, बाई. खटक्याने माणसाला शोधत यावं, माणसाने खटक्याला नव्हे, लिहून घ्या, बाई. मी हसून म्हणायची, मराठीतलं मी लिहीत नाही.

थंडीत आम्ही एकाच गाडीने जात असू, चाळीस मिनिटांचा रस्ता. अशाच एका सकाळी, पुढे बर्फ ढकलणारा ट्रक होता आणि आम्ही त्याच्यामागे रांगत होतो, तेव्हा त्यांनी भावाचं सांगितलं. धाकटा भाऊ मधू, जन्माचा डावखुरा, त्यांच्याच टूलरूममध्ये लागला होता. मशीन बंद करायचा दांडा उजवीकडे होता. बाही अडकली तेव्हा मधूचा डावा हात आधी उचलला गेला, मग त्याला आठवलं, मग उजवा गेला. तेवढ्यात दोन बोटं गेली. "पुढे त्यानं किराणा दुकान टाकलं, चाललंय बरं," पाटणकर म्हणाले. "पण तेव्हापासून कुठलाही दांडा दिसला की मी विचारतो, डाव्यानं काय करायचं?" मग ट्रक बाजूला झाला आणि त्यांनी विषय बदलला.

बोटांचं दुःख त्यांच्या घरातही होतं. सुनंदाकाकूंना संधिवात होता, तोही बोटं वाकडी करणारा. पाटणकरांनी त्यांचं भाड्याचं अपार्टमेंट घरमालकाला न विचारता बदलून टाकलं होतं. गोल मुठी काढून दांडे बसवलेले, नळाला लांब कान, खणांना पट्ट्याच्या कड्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गेले तेव्हा काकूंनी एक छोटीशी पितळी कांडी घेतली, टोकाला मुगाएवढी गोळी, मधे बाक. त्यांची अनामिका सरळ होत नव्हती म्हणून पाटणकरांनी ती लेथवर काढून दिली होती. कांडीच्या टोकाने माझ्या कपाळावर गोल, नेटकं कुंकू उमटलं. "कुठल्याही हातानं लागतं," काकू म्हणाल्या. "अहोंचं सगळंच दोन्हीकडून चालतं. बोलणंसुद्धा."

काकूंचं दर महिन्याचं इंजेक्शन कंपनीच्या विम्यावर चालू होतं. विम्याशिवाय ते घेणं त्यांना शक्यच नव्हतं. पासष्ट पूर्ण झाल्यावर सरकारी विमा सुरू होतो, आणि दोघांचा जन्म एकाच वर्षातला. पाटणकरांनी मला सरळ सांगितलं होतं, "डिझाइन वगैरे सगळं ठीक आहे, बाई. मला पासष्टपर्यंत त्या खुर्चीत बसून राहायचंय. तिच्या बोटांसाठी."

म्हणजे मला हे माहीत होतं. मी ते आधीच लिहून ठेवते आहे.

एक छोटी गोष्ट आधी घडली, तिच्यावरून मी स्वतःला ओळखायला हवं होतं. मराठी मंडळाची उन्हाळी पिकनिक होती. भेळेच्या टेबलाशी कुणीतरी मला विचारत होतं, टेनिसच्या रॅकेटी स्वस्तात मिळतील का हो तुमच्याकडे? मी काहीतरी गुळमुळीत बोलले. तेवढ्यात पाटणकर प्लेट घेऊन आले. त्यांनाही तोच प्रश्न गेला. "रॅकेटी? छे, आम्ही बंदुकीचे खटके करतो," ते म्हणाले आणि चटणी मागितली. एक बाई म्हणाल्या, "म्हणजे त्या शाळांमधून गोळ्या घालतात, तसल्या?" पाटणकर म्हणाले, "हो. तसल्याही. मी त्यातला सेफ्टीचा भाग करतो. तो नीट केला नाही तर आणखी वाईट." कुणाला ते पटलं नाही, मलाही पूर्ण पटलेलं नव्हतं. पण ते खरं बोलले होते. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि परत येताना दुसऱ्या टेबलावर बसले. ते एकटेच भेळ खात होते. माझ्याकडे पाहून त्यांनी हात केला. तो मला दिसला नाही असं मी दाखवलं.

२००६ च्या शरदात आमचा नवा सेफ्टीचा खटका तयार झाला. रायफलीच्या दोन्ही बाजूंना दांडे, अंगठा जिकडे असेल तिकडून फिरवा. पाटणकरांचं दोन वर्षांचं काम. त्यांचा मूळ खटका जरा जड होता, मुद्दाम. विक्रीच्या लोकांना तो हलका हवा होता, एका बोटाने फिरणारा. म्हणून स्प्रिंग बदलली आणि उजवीकडचा दांडा लांब केला. पुढच्या मंगळवारी दुकानदारांना दाखवायचा होता, गोळ्या झाडून. डेलने मला सांगितलं होतं की शुक्रवारी संध्याकाळी लॉगमध्ये एकही उघडा मुद्दा नको. हेही सांगितलं होतं की जानेवारीत क्वालिटी मॅनेजरची जागा भरायची आहे.

गुरुवारी जेवताना पाटणकर म्हणाले, "नवी स्प्रिंग काल घरी लाकडाच्या ठोकळ्यावर बसवून पाहिली."

"घरी नेलीत?" मी विचारलं. कारखान्यातली कुठलीही वस्तू बाहेर न्यायला बंदी होती.

"स्प्रिंग आहे ती, बाई, तोफ नव्हे. ऐका. सुनंदानं तो खटका करंगळीनं फिरवला."

"मग चांगलंच की. हेच तर हवंय सगळ्यांना."

त्यांनी घास खाली ठेवला. "जे सुनंदाच्या बोटानं फिरतं ते कोटाच्या बाहीनंही फिरेल. दांडा लांब केलाय, तो बाहेर आलाय. माणूस रायफल अंगाशी धरून चालला की बाही घासणार. थंडीचे दिवस, जाड कोट. त्याला वाटेल सेफ्टी लागलेली आहे. जुनी स्प्रिंग परत टाका म्हणावं. लिहून घ्या, बाई."

मी विचारलं, आकडा काय लिहू? जोर मोजायचं यंत्र मीच तपासणीला पाठवलेलं होतं, ते पुढच्या बुधवारी यायचं होतं. पाटणकर म्हणाले, आकडा नंतर देतो, आज नुसती शंका टाका. मी म्हणाले, बघते.

मी लिहिलं नाही. त्याची कारणं मी त्या दुपारी स्वतःला व्यवस्थित दिली. मोजलेल्या आकड्याच्या रकान्यात सुनंदाकाकूंची करंगळी कशी लिहिणार? लिहिलं तर स्प्रिंग घरी नेल्याचं उघड होईल आणि पाटणकरच अडचणीत येतील. आणि जेवतानाचं बोलणं, तेही मराठीतलं, त्याला रीतसर शंका म्हणता येईल का? तिन्ही कारणं चांगली होती. त्याच जेवणाच्या टेबलावर चार वर्षं मी त्यांची प्रत्येक शंका उतरवून घेतली होती, हे मी त्यात धरलं नाही. जानेवारीची जागाही धरली नाही.

शुक्रवारी दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले. हातात नव्या स्प्रिंगचं ड्रॉइंग, त्यांची सही बाकी होती. त्यांनी विचारलं, "ते लिहिलंत ना?"

"झालं," मी म्हणाले.

सोमवारी लिहीन असं मनात होतं. त्यांनी ड्रॉइंग माझ्याच टेबलावर ठेवून सही केली. शंका नोंदलेली आहे, तिचा निकाल लागेपर्यंत डेल ही स्प्रिंग पुढे जाऊ देणार नाही, मंगळवारी जुनीच दाखवेल, या भरवशावर केलेली सही होती ती. सोमवारी पाहुण्यांच्या जेवणाच्या ऑर्डरी, कानाची बूचं, गेटवरची नावं, माझ्या यादीत एकतीस कामं होती. एकतीसही झाली.

मंगळवारी मैदानावर कडाक्याची थंडी होती. मी क्लिपबोर्ड घेऊन उभी होते. चौथा की पाचवा माणूस, खेड्यातला एक दुकानदार, जाड कॅनव्हासचा कोट घातलेला. त्याने चार गोळ्या झाडल्या, सेफ्टी लावली, रायफल अंगाशी धरून टेबलाकडे निघाला. सेफ्टी लावलेली मी स्वतः पाहिली. टेबलापाशी तो रायफल खाली ठेवायला वाकला, कोटाची लोंबती दोरी चापात अडकली आणि गोळी सुटली. त्याच्या दोन बुटांच्या मधे जमीन फुटली. मातीची ढेकळं त्याच्या गुडघ्यापर्यंत उडाली. तो हसला. मग खाली पाहिलं, मग गवतावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. बाकीचे दुकानदार एकेक करून आपल्या ट्रककडे गेले. जेवण तसंच राहिलं.

मी परत आले तेव्हा पाटणकर जेवत होते, डाव्या हाताने. मी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "माणूस?" मी म्हणाले, काही झालं नाही. त्यांनी डोळे मिटले. बोटं पोळीवर तशीच होती. मग म्हणाले, "बाही?" मी मान हलवली.

गुरुवारी मीटिंग झाली. डेल, विक्रीचा मुख्य, पाटणकर आणि मी. डेल वाईट माणूस नव्हता, पण मालकाला एक नाव द्यायचं होतं आणि ड्रॉइंगवर एक सही होती. त्याने पाटणकरांना विचारलं, हे होईल असं तुला वाटलं नाही का? पाटणकर म्हणाले, वाटलं होतं, मी बोललो होतो. डेलने विचारलं, कुणाशी?

पाटणकर खिशातली पट्टी काढून तिच्याकडे बघत बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग डेल माझ्याकडे वळला. "व्ही, लॉगमध्ये आहे का काही?"

मी वही उघडली. ऑक्टोबरची पानं, नोव्हेंबरची पानं सावकाश उलटली. म्हणाले, "माझ्याकडे तशी नोंद नाही."

ते वाक्य खरं होतं. खरं होतं म्हणूनच ते इतकं चाललं.

"लिहायला हवं होतं," पाटणकर म्हणाले. "माझी चूक."

थंडीचे दिवस असल्यामुळे त्या संध्याकाळीही आम्ही एकाच गाडीने आलो. माझी गाडी. पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. त्यांचं वळण जवळ आलं तेव्हा मी तोंड उघडलं, पण आधी तेच बोलले. "तुमच्या डाव्या वायपरचं रबर गेलंय. बदलून घ्या, पुढे बर्फ आहे." आणि उतरले. ते मात्र मी घरी पोचल्या पोचल्या यादीत लिहिलं आणि शनिवारी रबर बदललं.

शुक्रवारी त्यांना काढलं. जाणाऱ्या माणसाकडून काय काय परत घ्यायचं याची यादी क्वालिटी विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे होती. बॅज, किल्ली, कॅलिपर, चष्मा. एकेक वस्तू ते टेबलावर ठेवत गेले, मी खूण करत गेले. शेवटी त्यांनी पिशवीतून लाकडी ठोकळा काढला, हाताच्या घामाने काळपट झालेला. तो त्यांनी गुरुवारी मीटिंगमध्ये दाखवायला आणला होता, पण बाहेर काढलाच नव्हता. "हा माझा आहे. तुमच्या यादीत नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

"मग नेतो."

जानेवारीत मला ती जागा मिळाली. मी लॉगमध्ये आठवा रकाना वाढवला, 'तोंडी सांगितलेले'. डेलने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. जुनी, जड स्प्रिंग परत टाकली, दांडा आखूड केला, आणि तो खटका पुढे चांगला चालला. घरच्या वहीत मी दर रविवारी 'पाटणकरांकडे जाणे' असं लिहीत असे. ते काम पुढच्या आठवड्यावर जाई, तिथून त्याच्या पुढच्या. वही संपली तेव्हा नवीन वहीत बाकी सगळी कामं उतरवली, ते उतरवलं नाही.

२००८ च्या एप्रिलमध्ये मी न्हाणीघराचा नळ घ्यायला एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. कामावरून लवकर सुटून, यादी हातात घेऊन. नळांच्या रांगेच्या टोकाला एप्रन घातलेला एक ठेंगणा माणूस शेल्फवर कड्या लावत होता. डाव्या हाताने. मला वार बघावा लागला नाही.

"अरे, वैशालीबाई," ते म्हणाले, जणू कालच डबा खाऊन उठलो होतो. काय हवंय विचारलं. मी नळ म्हणाले. त्यांनी मला लांब दांड्याचा दाखवला. "गोल घेऊ नका. पुढे वय होणारच आहे." पुढे 'लिहून घ्या, बाई' येईल म्हणून मी थांबले. ते आलं नाही.

मी काकूंचं विचारलं.

"बरी आहे. इथे लागलो आणि विमा परत सुरू झाला." त्यांनी कडीचा स्क्रू नखाने तपासला. "मधे पाच महिने इंजेक्शन नव्हतं. उजव्या हाताची बोटं तेव्हा मिटली, ती मिटलीच. डावा वाचला."

मी हातातली यादी घडी घालून पर्समध्ये टाकली.

"डाव्यानं जेवते आता. पहिल्यांदा रडायची, पान समोर घ्यायची नाही. मीच शिकवलं, पोळी कशी मोडायची ते. घरात एकाला येत होतं, बरं झालं."

"पाटणकर," मी म्हणाले, "त्या शुक्रवारी मी 'झालं' म्हटलं, तेव्हा मी..."

"माहीत आहे."

"कधी कळलं?"

"तुम्ही वहीची पानं उलटायला लागलात तेव्हा. चार वर्षांत तुम्हाला पान शोधताना कधी पाहिलं नव्हतं. तुम्हाला सगळं पाठ असतं." आवाजात राग नव्हता. यंत्रातला दोष सांगावा तसं सांगितलं. "सुनंदाला मी सांगितलेलं नाही. ती अजून तुमचं विचारते."

दाराच्या मुठींच्या रांगेतून कुणीतरी हाक मारली आणि ते "आलो" म्हणून गेले.

पैसे द्यायच्या रांगेतून ते मला दिसत होते. एक म्हातारी गोरी बाई, हातात दाराची दांडा असलेली मूठ. दुकानात एका चौकटीत नमुन्याचं दार उभं केलेलं होतं, तिथे ते तिला घेऊन गेले. बाईंनी उजव्या हाताने दांडा दाबला, दार उघडलं, त्या खूश होऊन निघायला वळल्या. पाटणकरांनी त्यांना थांबवलं. खाली ठेवलेली त्यांची जड पिशवी उचलली आणि त्यांच्या उजव्या हातात दिली. दार पुन्हा लावलं. मग दोन्ही हात मागे बांधून, मान किंचित वाकडी करून, त्या आता काय करतात ते बघत उभे राहिले.